सात पूर्वज आणि एक लाल दिवा

श्रीनाथ गोपाळ वाकनीस ड्रायव्हर होता, पण त्याला कुणी ड्रायव्हर म्हटलेलं त्याला खपत नसे. "आम्ही गाडीवर असतो," असं तो सांगे, जसं एखाद्या सरदाराने सांगावं की आम्ही हत्तीवर असतो. घराणं शिंद्यांच्या दरबारातलं. महाराज सकाळी कुणावर रागावले, दुपारी काय जेवले आणि जेवल्यावर सकाळचा राग कसा विसरले, हे सगळं लिहून ठेवायचं काम वाकनिसांकडे पिढ्यानपिढ्या होतं. पूर्वजांच्या बोटांना शाई लागायची, श्रीनाथच्या बोटांना ग्रीस. शाई निदान धुतल्यावर जात तरी असे.

देश स्वतंत्र झाला, संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं राज्य आलं. या एवढ्या उलथापालथीत श्रीनाथच्या वाट्याला आलेला बदल असा, की जुन्या मोटारखान्यातून उचलून त्याला एका नव्या खात्यात टाकलं आणि पेट्रोलच्या गाडीऐवजी डिझेलची गाडी दिली. ते खातं नक्की काय करतं हे खात्यातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण साहेबांना दौरे असत, आणि दौऱ्याला गाडी लागे. गाडी जर्मन, निळ्या रंगाची, पाठीमागे पेटीसारखी बंद. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या अलीकडे कचेरी होती, तिच्या आवारात कडुनिंबाखाली ती उभी असे.

डिझेलच्या गाडीचं एक नाटक असतं. थंडीत ती एकदम चालू होत नाही. आधी तिच्या इंजिनात बसवलेले चार प्लग तापवावे लागतात, मग स्टार्टर मारायचा. या जर्मन गाडीत त्यासाठी डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी एक पत्र्याची डबी होती. तिला सगळे टायमर म्हणत. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागे आणि प्लग तापू लागत. डबीत दोन धातूंची एक बारीक पट्टी होती. तीही तापत तापत वाकायची, आणि पुरेशी वाकली की 'टक' आवाज होऊन दिवा विझायचा. म्हणजे, आता मारा स्टार्टर.

श्रीनाथला डबीची गरज नव्हती. किल्ली फिरवली की तो आपले पूर्वज म्हणायला घ्यायचा. मोठ्याने. "विसाजीपंत, शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, घोडा मेला म्हणून राहिले. त्रिंबकपंत, त्यांनी वाडा बांधला. धोंडोपंत, त्यांनी वाडा गहाण टाकला. कृष्णाजीपंत, काशीला गेले ते आलेच नाहीत. रामचंद्रपंत, ते कुणाच्याही लग्नात जेवून यायचे. गोविंदराव, इंग्रज रेसिडेंटला मराठी शिकवलं, शिव्यांसकट. गोपाळराव, आमचे वडील." आणि गोपाळराव म्हणून झालं, की बरोबर 'टक' व्हायचं. साहेब मागे बसून हे रोज ऐकत. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी निरोपाच्या भाषणात सातही पूर्वजांची नावं न चुकता म्हणून दाखवली होती.

जर्मनीत बनलेली डबी आणि उज्जैनची वंशावळ एकाच वेळी संपते, याचा श्रीनाथला कोण अभिमान. "त्यांनी मोजमाप कुठून घेतलं असेल, सांगा," असं तो टावर चौकातल्या पानाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून विचारी. त्या बाकावर संध्याकाळी त्याचा दरबार भरे. कचोरी खाऊन आलेले, कचोरी खायला निघालेले, असे सगळे तिथे थांबत. त्याचं दुसरं वाक्यही सगळ्यांना पाठ होतं: "वाकनिसांची गाडी धक्का खात नाही."

छप्पन्न सालच्या दिवाळीआधी त्या गाडीने धक्का खाल्ला.

सकाळची वेळ, आवारात मोठे बाबू भय्यासाहेब रेडे, चार कारकून आणि कन्हैयालाल मिस्त्री. श्रीनाथने किल्ली फिरवली. दिवा लागला. "विसाजीपंत, शिंद्यांच्या फौजेबरोबर..." आणि त्रिंबकपंतांचा वाडा बांधून व्हायच्या आत दिवा विझला. 'टक' नाही, काही नाही. फक्त विझला. श्रीनाथने स्टार्टर मारला. इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि गप्प झालं. परत किल्ली. या वेळी दिवा लागलाच नाही. परत. लागला, लुकलुकला, विझला.

"धक्का देऊ या का?" एका कारकुनाने विचारलं.

श्रीनाथने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कारकून त्यानंतर कधी काही सुचवेनासा झाला. पण दौरा होता. शेवटी चौघांनी ढकलत गाडी उताराला लावली, तेव्हा कुठे धूर ओकत ती चालू झाली. श्रीनाथ स्टीअरिंगवर मान खाली घालून बसला होता, मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा.

कन्हैयालालचं टावर चौकातच दुकान होतं. दोघांची वीस वर्षांची दोस्ती होती, म्हणजे वीस वर्षं दोघं एकमेकांना नालायक ठरवत होते. "वाकनीसजी," तो म्हणाला, "गाड़ी बूढ़ी हो गई। इंजन में दम नहीं। और सच कहूँ तो सवार में भी नहीं।"

"तू सायकलींचे पंक्चर काढ," श्रीनाथ म्हणाला. "ही जर्मन आहे."

आता इथे खरी मेख अशी होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मध्यभारत संपणार होतं आणि भोपाळला राजधानी असलेलं नवीन मध्यप्रदेश राज्य सुरू होणार होतं. खातं बंद. सामानाची पाहणी करायला एक कमेटी येणार होती आणि तिचा नियम सोपा होता: जी गाडी चालते ती भोपाळला जाईल, आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर. जी चालत नाही ती इथेच लिलावात जाईल, आणि तिचा ड्रायव्हर इथल्याच जिल्हा कचेरीत शिपायांवरचा जमादार होईल. भय्यासाहेबांनी ती जागा श्रीनाथसाठी आधीच बोलून ठेवली होती.

श्रीनाथला भोपाळला जायचं नव्हतं. तो जन्मात कधी उज्जैनबाहेर सलग आठवडाभर राहिला नव्हता. आणि भोपाळात वाकनीस म्हटल्यावर कोण ओळखणार? "तिथले लोक विचारतील, वाकनीस काय असतं, किलोने मिळतं का?" असं तो बाकावर म्हणाला तेव्हा सगळे हसले, पण तो हसला नव्हता.

त्याची बायको शोभा तर सरळच बोलली. माधवनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती पोळ्या लाटत होती. "देवाची कृपाच समजा. बिघडलीये ना गाडी? बिघडू द्या. काय कोणी तुम्हाला फाशी देतंय?"

"अगं, पण बिघडलंय काय ते तर बघायला हवं ना."

"कशाला?"

"मालूम तर पडायला हवं," तो म्हणाला.

"मालूम पडलं की तुम्ही दुरुस्त करणार. मी काय ओळखत नाही तुम्हाला? घरातलं घड्याळ बंद पडलं होतं, मी म्हटलं राहू द्या, तर तुम्ही उघडलंत. ते आता उलटं चालतं."

"उलटं चालत नाही. मागे पडतं."

"तेच ते."

त्याने फक्त बघायचं ठरवलं. बघणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे त्याने शोभाला दोनदा आणि स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. त्याने चारही प्लग काढले, एका माळेत बॅटरीला जोडले. चारही लालबुंद झाले. म्हणजे प्लग चांगले. मग एका बल्बला दोन तारा जोडून तो करंट शोधत निघाला. किल्लीपाशी बल्ब लावला, बल्ब ढणढणीत. म्हणजे किल्लीपर्यंत करंट येतोय. डबीत जाणाऱ्या तारेवर लावला, ढणढणीत. डबीतून बाहेर येणाऱ्या तारेवर लावला. लागला, लुकलुकला, विझला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा लाल दिवाही विझला.

"डबीत आहे," श्रीनाथ पुटपुटला.

"डिब्बी में है," कन्हैयालाल मागून म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "तो बस, खतम। डिब्बी बंद आती है, ऊपर जर्मन में लिखा है, मत खोलो। ये तो किसी के बाप से नहीं खुलेगी।"

खरं तर त्यावर काय लिहिलं होतं ते कन्हैयालालला वाचता येत नव्हतं, श्रीनाथलाही येत नव्हतं. पण 'किसी के बाप से' हे शब्द सात पिढ्यांना लागले.

संध्याकाळी त्याने शोभाला सांगितलं, की दोष डबीत आहे आणि डबी उघडत नाहीत. शोभाने देवापुढे साखर ठेवली. "मग शपथ घ्या. परवा कमेटी येऊन जाईपर्यंत त्या डबीला हात लावणार नाही म्हणा."

"हात लावणार नाही," श्रीनाथ म्हणाला. जेवताना शपथ घेतली म्हणून तिचा विश्वास बसला. वरण वाढताना तिने एक चमचा तूप जास्त सोडलं.

रविवारी सकाळी श्रीनाथ गाडी पुसायला म्हणून गेला. कचेरी बंद, आवारात कुणी नाही. त्याने काचा पुसल्या. बॉनेट पुसलं. पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याने डॅशबोर्डखाली मान घातली आणि डबीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेचकस काढला. हात लावणार नाही असं ठरलं होतं, आणि पेचकस म्हणजे काही हात नव्हे.

कडेची मुडप उलटली, झाकण निघालं, आणि श्रीनाथ दचकून मागे सरकला. त्याचं डोकं स्टीअरिंगवर आपटलं.

डबीत मुंग्या होत्या. जिवंत, मेलेल्या, भाजलेल्या. पट्टीचं टोक जिथे टेकतं त्या बिंदूवर तपकिरी, चिकट खडा जमला होता. दिवा लागला की पट्टी तापायची, चिकट खडा मऊ व्हायचा, पट्टी सरकायची आणि करंट तुटायचा. कधी मधे मुंगी आली, की लागतच नसे. दोष सापडला होता. पण जर्मनांच्या बंद डबीत हे आलं कुठून?

त्याने खडा पेचकसाने खरवडला आणि वास घेतला. मग त्यात चिकटलेली बारीकशी हिरवट-काळी चकती उचकटली, बोटावर घेतली, उजेडात धरली. तुळशीचं पान होतं.

श्रीनाथ गाडीच्या पायरीवर बसला.

त्याचं असं होतं. वाकनिसांच्या घरात खंडेनवमीला शस्त्रपूजा होई. तलवार केव्हाच विकली गेली होती, धोंडोपंतांच्या काळात. तेव्हापासून पूजा व्हायची पण शस्त्र नव्हतं. अडकित्ता, विळी, चाकू, असं करत करत श्रीनाथच्या पिढीत ती गाडीवर येऊन ठेपली होती. बाकीचे ड्रायव्हर बॉनेटला हळदीकुंकू लावतात, नारळ फोडतात, झालं. श्रीनाथला ते पटत नसे. गाडीचा देव बॉनेटमध्ये कसा असेल? देव जिथे तेज असतं तिथे. म्हणून तो लाल दिव्याची पूजा करी. यंदा खातं बंद होणार, ही शेवटची पूजा, म्हणून त्याने अभिषेकच केला होता. दूध, दही, तूप, मध, साखर, वर तुळशीचं पान. अगदी पळीपळीने. डॅशबोर्डवरून ते खाली कुठे जात होतं, हे भक्तीच्या भरात त्याने पाहिलं नव्हतं.

"क्या निकला?"

कन्हैयालाल फाटकात उभा होता. रविवारी या माणसाला दुसरा उद्योग नसे.

"काही नाही," श्रीनाथने डबी पाठीमागे धरली.

कन्हैयालालने त्याच्या बोटाकडे पाहिलं, बोट धरलं आणि नाकाशी नेलं. त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "अरे वाकनीसजी! ये तो शहद है!" आणि तो आवारातच मांडी घालून बसला आणि पोट धरून हसू लागला. "गाड़ी को प्रसाद खिलाया! जर्मन गाड़ी को पंचामृत! अरे महाकाल!"

"कुणाला सांगू नकोस," श्रीनाथ म्हणाला.

"मैं? मैं किससे कहूँगा?" कन्हैयालालने डोळे पुसले. तासाभरात अख्ख्या टावर चौकाला माहीत झालं.

डबी उघडलीच होती. श्रीनाथने बिंदू घासला, रॉकेलने धुतला, मुंग्या फुंकून काढल्या. झाकण बसवलं, किल्ली फिरवली. दिवा लागला आणि टिकला. त्याने पूर्वज म्हटले, सातवे आले, 'टक' झालं. त्याने स्टार्टर मारला नाही. गाडी चालू होईल हे त्याला कळलं होतं, तेवढं पुरे. घरी गेला, जेवला, आणि शोभाच्या नजरेला नजर दिली नाही.

पण त्याच्याकडे बेत होता. चोख बेत. उद्या कमेटीसमोर किल्ली फिरवायची, आणि पूर्वज पुरे व्हायच्या आधीच, धोंडोपंतांपाशीच, स्टार्टर मारायचा. प्लग थंड, गाडी खोकेल, बंद. कमेटी बघेल, लिहील, जाईल. दुरुस्त केल्याचं समाधान आपलं, आणि उज्जैनही आपलं.

सोमवारी कमेटी आली. तीन माणसं होती. दोघं चहा पिणारी आणि एक अध्यक्ष. अध्यक्षांनी खादीचा बंद गळ्याचा कोट घातला होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता की संपूर्ण मध्यभारत त्यांच्या परवानगीनेच बंद होतंय. भय्यासाहेब श्रीनाथच्या कानाशी आले. "अरे श्रीनाथ, लक्षात आहे ना? उगीच शहाणपण नको. जमादाराची खुर्ची पुसून ठेवलीय."

"हो साहेब."

फाटकाबाहेर कन्हैयालाल, पानवाला, बाकावरचे सगळे. श्रीनाथ गाडीत बसला. किल्ली फिरवली. दिवा लागला. "विसाजीपंत," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "त्रिंबकपंत. धोंडोपंत." आणि स्टार्टर मारला.

गाडी खोकली. दोनदा. गप्प झाली.

भय्यासाहेबांनी समाधानाने मान हलवली. चहा पिणाऱ्यांपैकी एकाने लेखणी काढली. श्रीनाथ उतरायला लागला. एक पाय पायरीवर होता, एवढ्यात अध्यक्ष भय्यासाहेबांकडे वळून म्हणाले, अगदी शांतपणे, वाईट हेतू नसताना म्हणतात तसं: "इसमें ड्राइवर का दोष नहीं। ये रियासती लोग हैं। इनको घोड़े दो, हाथी दो, चला लेंगे। मशीन इनके बस की बात नहीं।"

फाटकाबाहेर कुणीतरी खोकलं. बहुतेक कन्हैयालाल. त्याच्या खोकण्यातही हसू होतं.

श्रीनाथचा पाय पायरीवरच राहिला. भय्यासाहेबांनी त्याचा चेहरा पाहिला आणि घाईने म्हणाले, "श्रीनाथ. उतर. ए श्रीनाथ."

श्रीनाथ परत आत बसला. दार लावलं. खिडकीतून मान बाहेर काढली आणि अध्यक्षांना म्हणाला, "साहब, जरा इधर ध्यान दीजिए।"

किल्ली फिरवली. दिवा लागला. आणि मग श्रीनाथने, अख्ख्या फ्रीगंजला ऐकू जाईल अशा आवाजात, विसाजीपंतांचा घोडा मारला, त्रिंबकपंतांचा वाडा बांधला, गहाण टाकला, कृष्णाजीपंतांना काशीला धाडलं, रामचंद्रपंतांना जेवू घातलं, रेसिडेंटला शिव्या शिकवल्या आणि शेवटी वडिलांना नमस्कार केला. 'टक'. स्टार्टर. गाडी पहिल्याच झटक्याला गरजली. कडुनिंबावरचे कावळे उडाले. एका चहा पिणाऱ्याच्या बशीत धुराची काजळी पडली.

"वाकनिसांची गाडी," श्रीनाथ इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "धक्का खात नाही!" हे मराठीत होतं, त्यामुळे अध्यक्षांना कळलं नाही, पण फाटकाबाहेर टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कन्हैयालालने वाजवल्या.

अध्यक्ष प्रसन्न झाले. "वाह! चालू हालत में," ते म्हणाले. "लिखिए। भोपाल।"

लेखणीने 'भोपाल' लिहिलं तेव्हा श्रीनाथचा हात अजून स्टीअरिंगवर होता. त्याने इंजिन बंद केलं. आवारात एकदम शांतता झाली. भय्यासाहेब कपाळाला हात लावून कडुनिंबाखाली बसले होते. "गधा आहेस," ते म्हणाले. "घराण्यासकट."

घरी जायचा रस्ता दहा मिनिटांचा. श्रीनाथने त्याला तास लावला. बाकावर बसला, पान खाल्लं, पानवाल्याने पैसे घेतले नाहीत. हे त्याला सगळ्यात वाईट वाटलं. शोभाला कसं सांगायचं याची त्याने चार-पाच वाक्यं जुळवली. सरकारचा हुकूम आहे. गाडी आपोआप चालू झाली. अध्यक्षांनी हात जोडले. एकही धड नव्हतं.

दारात पाऊल टाकलं तर खोलीच्या मध्यभागी लोखंडी ट्रंक उघडी होती आणि शोभा त्यात घड्या घालत होती. गाद्या गुंडाळून दोरीने बांधलेल्या. शेजारची जयू पाटा-वरवंटा ओढत दाराबाहेर नेत होती. तिने श्रीनाथला पाहिलं, हसू दाबलं आणि वरवंटा बगलेत मारून पळाली.

"तुला कुणी सांगितलं?" श्रीनाथने विचारलं.

"कशाला कोणी सांगायला हवं?"

"मग ही बांधाबांध?"

"काल सकाळीच ठरलं. तुम्ही गाडी पुसायला निघालात ना, पेचकस खिशात घेऊन, तेव्हाच मी जयूला म्हटलं, पाटा तू घेऊन जा, भोपाळपर्यंत कोण उचलणार." तिने धोतराची घडी ट्रंकेत दाबली. "उभे काय राहिलात? त्या कोपऱ्यातल्या बरण्या आणा. आणि त्या गाडीत सामान ठेवायला जागा किती आहे, ते तरी मालूम आहे का?"

श्रीनाथने चप्पल काढली. "भरपूर आहे," तो म्हणाला. "पाटासुद्धा मावला असता."

"मग जा," शोभा म्हणाली, "जयूकडून परत घेऊन या."

आणि तो गेला.